गाठ माझी, धडधड तिची

माझ्या मुलीला जो आजार झाला तो माझ्यामुळे झाला. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहून टाकते, म्हणजे ते माझ्या पाठीमागं कुजबुजायचे कष्ट कोणाला पडायला नकोत. माझ्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी बिघडली होती. ती कापून काढली, तरी त्या बिघाडातलं काहीतरी माझ्या रक्तात उरलं आणि पोटातल्या लेकरापर्यंत गेलं. यात माझा गुन्हा काय, हे अजून कोणी मला पटवून देऊ शकलेलं नाही. पटवायला आलेले मात्र पुष्कळ होते.

डॉक्टरकी मला येत नाही. माझं शिक्षण दहावी आणि काम अंगणवाडी सेविकेचं, एटापल्ली तालुक्यात, सूरजागडचे डोंगर दिसतात अशा एका गावात. चंद्रपुरातून आमचा गडचिरोली जिल्हा वेगळा निघून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरा वनरक्षक. त्यांचं नाव दिवाकर. नवऱ्याचं नाव घेतलेलं सासूबाईंना आवडत नाही, पण नाव हाक मारायलाच ठेवलेलं असतं असं मला वाटतं.

गळा

लग्नानंतर वर्षभरात माझा गळा सुजायला लागला. हात थरथरायचे, पोटभर जेवूनही अंगावर मांस धरेना, छातीत सारखी धडधड, आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसायला लागले. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ गेली, धडधड गेली, रोज सकाळी एक गोळी मागे लागली. डोळे थोडे मोठेच राहिले आणि गळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक व्रण राहिला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या. त्यांनी ऑपरेशनची गोष्ट त्यांच्या नातेवाइकांत कोणाला कळू दिली नव्हती. "पदर गळ्यावरून घेत जाय. लोक म्हणतीन, रोगी सून आणली," असं त्यांनी मला सांगितलं. मी एरवी कोणाचं ऐकणारी नाही, पण हे ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही त्या व्रणाची लाज वाटायची.

दिवस गेले तेव्हा मी तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं होतं. उत्तर मिळालं, "गाठच काढली ना? मग आता कसली भीती?" मला ते पटलं. जी वस्तू अंगात नाही ती त्रास कसा देईल, हा हिशेब कोणालाही पटेल असाच होता.

सगळ्यांनी केलेलं कौतुक

पोळ्याच्या आधी मुलगी झाली. वजन दोन किलो चारशे. आमच्या भागात याला बरं वजन म्हणतात. माझी आई हयात नाही, म्हणून बाळंतपण करायला आत्याबाई आल्या होत्या. बघायला येणारी प्रत्येक बाई एकच गोष्ट म्हणायची, "डोळे तं पाय कसे टपोरे! आईवरच गेली बापा."

मला केवढा आनंद व्हायचा! माझ्या ज्या डोळ्यांची लग्नानंतर टिंगल झाली, त्याच डोळ्यांचं लेकरात कौतुक चाललं होतं.

ती झोपायची नाही. दिवसा नाही, रात्री नाही. पाच मिनिटं डोळा लागला तर लागला. आत्याबाई म्हणायच्या, "चौकस आहे. बापासारखी ढोरझोपेची नाई." ती सारखी प्यायची, सोडायचं नावच नाही, तर म्हणायचे खादाड आहे. पावसाळी गारठ्यातही तिचं अंग घामानं ओलं, तर म्हणायचे रक्त गरम आहे. एकेका लक्षणाला घरातल्यांनी एकेक गुण चिकटवला आणि मी त्या सगळ्यांना मान डोलावली.

काटा

माझ्या अंगणवाडीत आढ्याला एक गोल तबकडीचा काटा टांगलेला असायचा. त्याच्या झोळीत लेकरू बसवायचं, सुई बघायची, कार्डावर टिंब काढायचं. हे काम मी जीव लावून करायची. गावातल्या बाया महिन्याच्या आतलं लेकरू काट्याजवळ आणायच्या नाहीत. टांगलेलं लेकरू घटते, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या घरी जाऊन भांडायची. नजरबिजर सगळं खोटं, वजन केल्यानं कोणी घटत नाही, असं बजावून लेकरू स्वतः उचलून आणायची.

आणि माझ्या मुलीला मी काट्यावर घातलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "सव्वा महिना होऊ दे." मी म्हटलं, बरं. सुट्टी असून तिसऱ्या आठवड्यात मी वजनाच्या दिवशी अंगणवाडीत डोकावले, तेव्हा रांगेतली एक माडिया आदिवासी बाई, जिचं लेकरू मी एकदा जवळजवळ ओढून आणलं होतं, माझ्याकडे बघून मोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, तुजा लेकरू कुठी?"

मी तशीच वळले. घरी गेले, मुलीला उचललं, आत्याबाई "अवं, अवं" करेपर्यंत काट्याशी आले. सुई दोन किलोवर थांबली.

मी तिला काढलं, झोळी झटकली, पुन्हा घातलं. दोन किलो. मग किराणा दुकानातून दोन किलोचं लोखंडी माप मागून आणलं आणि झोळीत ठेवलं. सुई त्याच जागी थांबली. काटा खरा होता. दिवसभर पिणारी माझी मुलगी वीस दिवसांत चारशे ग्रॅम घटली होती, आणि घटायला लागली तेव्हा तिला या टांगत्या काट्याचा स्पर्शही झालेला नव्हता.

डाग

त्याच दिवशी तिला उघडं करून नीट बघितलं. श्वास इतका जोरात की पोट उडत होतं. छातीवर हात ठेवला तर आत पाखरू फडफडावं तशी धडधड. ती धडधड मला ओळखीची वाटली, पण मी ते स्वतःलाही सांगितलं नाही.

लेकराचं पोट उडायला लागलं की आमच्याकडे त्याला 'डब्बा' झाला म्हणतात, आणि तापलेल्या सळईनं पोटावर डाग देतात. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी डाग देणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावून आणलं. चुलीत सळई घातली. मी मुलीला घेऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"दे तिले इकडं," आत्याबाई म्हणाल्या. "लेकरू मरून राह्यलं अन् तू काऊन अशी उभी?"

"नाई देत."

"माहा दुसरा पोरगा असाच गेला. डाग द्याले उशीर झाला म्हनून गेला. तुले काय मालूम?"

"डागच द्याचा असन तं आधी मले द्या," मी म्हटलं आणि मोकळा हात पुढे केला. "मले गुन आला तं मग तिले द्या."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे बघितलं. "बाईचं डोस्कं फिरलं," म्हणाला आणि सळई चुलीतच सोडून निघून गेला. आत्याबाई ओट्यावर बसून रडल्या. त्या दुष्ट नव्हत्या हो. एक मूल हातातून गेलेलं असलं की माणूस मिळेल ते धरतो. पण त्या वेळी मला त्यांची दया आली नाही, मला फक्त राग आला होता.

दवाखाना

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि बदलीची वाट बघत होते. मुलीकडे एक नजर टाकून म्हणाले, "दूध कमी पडतंय. वरचं सुरू करा."

"दिवसभर पिते साहेब. तरी वजन उतरून राह्यलं."

"काटा खराब असेल तुमचा."

"माप टांगून पाह्यलं. काटा बरोबर आहे."

त्यांना हसू आलं. सेविकेनं असं बोलावं हे त्यांच्या गणितात नव्हतं. इथं माझीही एक चूक झाली, ती लिहिते. मी पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसले होते आणि ऑपरेशनबद्दल एक शब्द बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर दिवाकर म्हणाले, "साहेब म्हनते तं देऊन पाहू ना वरचं दूध."

"तुमच्या साहेबानं वजन नाई केलं, म्या केलं," मी म्हटलं. "मी चंद्रपूरले चालली. तुमी येता का नाई, ते सांगा."

दिवाकर स्वभावानं गरीब. कोणाची बाजू घ्यायची वेळ आली की त्यांना जंगलात काहीतरी काम आठवतं. त्या दिवशी मात्र ते आले. नाल्याला पूर असल्यानं बस बंद होती. नाल्यापलीकडे लाकडाचा ट्रक उभा होता, तिथपर्यंत दिवाकरांनी मुलीला डोक्यावरच्या टोपल्यात घेऊन कमरेएवढं पाणी ओलांडलं. मागे मी आणि माझा पदर धरून आत्याबाई. घरी थांबा म्हटलं तर म्हणाल्या, "माही नात आहे. तू कोन मले थांबवनारी?" आलापल्लीपर्यंत ट्रक, पुढे एसटी. सगळी वाट मुलगी टक्क जागी.

"आधी तुम्ही इकडे या"

चंद्रपूरच्या लहान मुलांच्या डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या एक बाई. त्यांनी मुलीच्या छातीला नळी लावली, घड्याळ बघितलं, परत मोजलं. ठोके मिनिटाला दोनशेच्या वर होते. मग नळी गळ्यात अडकवून त्या मुलीकडे बघायच्या सोडून माझ्याच तोंडाकडे बघत राहिल्या.

"आधी तुम्ही इकडे या. गळा का झाकलाय?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "तिले सर्दी हाय."

मी पदर खाली ओढला. डॉक्टरबाईंनी व्रणावरून बोट फिरवलं आणि एक लांब श्वास सोडला.

"मुलीचे डोळे आईवर गेलेत, असं सगळे म्हणाले असतील ना?"

"हो."

"बरोबरच म्हणाले. हे त्या आजाराचे डोळे आहेत."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. ग्रंथी काढली, पण तिला डिवचणारा जो पदार्थ तुमच्या रक्तात होता तो तिथंच राहिला. तुमच्यात डिवचायला ग्रंथी उरली नाही, म्हणून तुम्हाला त्रास नाही. तो नाळेतून पोरीत गेला आणि तिच्या कोवळ्या ग्रंथीच्या मागे लागला. तिचं शरीर रात्रंदिवस धावतं आहे. प्यालेलं सगळं त्या धावण्यातच जळतं. अशी धावत राहिली तर हृदय थकेल.

"अन् मग?" दिवाकरांनी विचारलं.

"मग हृदय थांबेल. पण आपण तसं होऊ देणार नाही. रक्त मुंबईला पाठवते. रिपोर्टची वाट बघायला हिच्याकडे दिवस नाहीत, औषध आजच सुरू करू. काही महिन्यांत आईचा तो पदार्थ आपोआप संपतो. तेवढे महिने हिला सांभाळायचं."

मला रडू आलं नाही. मला स्वतःचा इतका संताप आला की दात एकमेकांवर बसले. ती धडधड माझ्या ओळखीची होती. दोन वर्षं ती मी माझ्या छातीत वागवली होती. एका व्रणाच्या लाजेपायी मी तिचं नाव घेतलं नव्हतं.

वॉर्ड

सकाळी सिस्टर गोळ्या कुटून कागदाच्या पुड्या करायची. एक पुडी धडधडीची, एक ग्रंथीला आवरायची, आणि वर तपकिरी औषधाचे थेंब. ते माझ्या दुधात कालवून चमच्यानं पाजायचे. ते थेंब जिथं सांडत तिथं डाग पडायचे. माझ्या दोन्ही लुगड्यांवर अजून आहेत. मग वजन, मग ठोके. वॉर्डातला पंखा नुसता नावाचा. मुलगी तापायची म्हणून आत्याबाईंनी कुठूनसा एक पुठ्ठा पैदा केला आणि दिवसभर तिला वारा घालत बसल्या. हात दुखला की हात बदलायच्या, पुठ्ठा सोडायच्या नाहीत.

आणि त्याच आत्याबाईंनी चौथ्या दिवशी बाटली आणि पावडरचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

"आतापासून हे पाजाचं. तुया अंगात जहर हाय. दुधातून जाते ते लेकरात."

मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जे जायचं ते पोटात असतानाच गेलं. आजार दुधातून जात नाही, तुमच्या रोजच्या गोळीनंही काही बिघडत नाही, पाजा. आत्याबाईंना ते कुठून पटायला! "डॉक्टरीन बाई कुवारी आहे. तिले लेकराचं काय समजते?"

पाचव्या दिवशी वजन आणखी उतरलं, एक किलो नऊशे. मूलचे नातेवाईक भेटायला आले होते, त्यांच्यात एकमत झालं की आईचं दूध तोडावं. दिवाकर खाली बघत म्हणाले, "चार दिवस बंद करून पाहाले काय जाते?" ज्या माणसानं पुरातून लेकरू डोक्यावर आणलं त्यानं हे म्हणावं, याचं मला फार लागलं. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

सगळे गेल्यावर मी बाटली हातात घेतली होती, हेही लिहिलं पाहिजे. पाणी उकळून आणलं, पावडर मोजली. वाटलं, आपण चूक असलो तर? एकदा चूक केलीच आहे. मुलगी माझ्याकडे बघत होती, त्याच मोठ्या डोळ्यांनी. मग मनाशी म्हटलं, जे द्यायला नको होतं ते मी हिला नकळत दिलं. जे द्यायला पाहिजे ते आता लोकांच्या सांगण्यावरून बंद करू? बाटली नळाखाली रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला वॉर्डाच्या मधोमध खाटेवर बसले आणि सगळ्या नातेवाइकांसमोर तिला पाजलं. गळ्यावर पदर नव्हता. मूलच्या एका बाईनं व्रणाकडे बघून तोंडाला हात लावला. "नागपूरले ऑपरेशन झालं," मी म्हटलं. "पाहून घ्या चांगलं. पुन्हा पुन्हा दाखवनार नाई."

आठव्या दिवशी वजन उतरायचं थांबलं. दहाव्या दिवशी पन्नास ग्रॅम वाढलं. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभर चणे. सिस्टरनं आकडा वाचला आणि आत्याबाईंनी तिच्या हातातून कागद ओढून घेतला, त्यांना वाचता येत नाही तरी. मुंबईचा रिपोर्ट आला तोवर ठोके दीडशेवर आले होते. डॉक्टरबाईंचं म्हणणं खरं निघालं होतं. डबा पुन्हा कोणी उघडला नाही. तो आत्याबाईंनीच शेजारच्या खाटेवरच्या आईविना लेकराला दिला.

कार्ड

गावी परतल्यावर आमच्या वरच्या बाई, मुख्यसेविका, तपासणीला आल्या. माझ्या मुलीचं वजन कार्डावर बघून म्हणाल्या, "हिचं टिंब कशाला काढलंस? सेविकेचंच मूल खालच्या श्रेणीत! वर काय दिसेल?" मी म्हटलं, "जे आहे ते दिसन." टिंब तसंच ठेवलं.

ज्या बाईच्या गळ्यात कधी गाठ होती, काढलेली असो की औषधानं बसलेली, तिनं दिवस गेल्यावर डॉक्टरांना हे सांगावं. त्यांनी विचारलं नाही तरी सांगावं. बाळंत झाल्यावर लेकराच्या डॉक्टरला पुन्हा सांगावं. त्यांनी हसण्यावारी नेलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. लेकरू झोपत नाही, पिऊनही वाढत नाही, याला हुशारी म्हणू नये. आणि घरातलं कोणी म्हणालं की तुझा रोग लेकराला लागला, तर म्हणावं, हो, लागला, आता बाजूला व्हा, मला दवाखान्यात जायचंय.

नाव

चार महिने पुड्या चालल्या, मग कमी होत गेल्या. पाचव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमचं जे होतं ते संपलं. आता हिचं स्वतःचं चालू झालं." औषध बंद केलं. मी विचारलं, "परत सुरू झालं तं?" त्या म्हणाल्या, "नाही होणार. घरी जा आणि बारसं करा. कागदावर अजून 'बाळ' लिहिलंय हिचं नाव."

खरंच, आजाराच्या धांदलीत नावच राहिलं होतं. आम्ही मूलला आत्याबाईंच्या घरी नामकरण ठरवलं. आमच्यात बुद्धवंदना होते, त्रिशरण-पंचशील होतं आणि मग नाव जाहीर करतात. उपासक आले, मांडवात पन्नासेक माणसं बसली, वरण-भात, वांग्याची भाजी तयार झाली. वॉर्डात दूध तोडायला सांगणारे सगळे पहिल्या रांगेत.

मी मुलीला तयार करायला आत गेले तर ती झोपली होती. गाढ. तोंड अर्धवट उघडं, मुठी सैल. गेल्या काही आठवड्यांत ती झोपायला लागली होती, पण अशी पसरून झोपलेली मी तिला पहिल्यांदा बघितली. छातीवर हात ठेवला. आत सावकाश, एकसारखं चाललं होतं.

दिवाकर दारातून म्हणाले, "आन ना तिले. उपासक थांबून राह्यले." मागून मूलची ती तोंडाला हात लावणारी बाई आली. "उठव ना वं. एवढे लोक खोळंबले, अन् लेकरू झोपलं म्हनून काय बसून राह्याचं?"

मी काही बोलायच्या आधी आत्याबाई उठल्या. दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोनी उठवाचं नाई तिले. ज्याले भूक लागली त्यानं जेवून घ्या, ज्याले घाई हाय त्यानं घरी जा. माही नात झोपली आहे."

कोणी गेलं नाही. वरण थंड झालं, पोरं मांडवात खेळून खेळून दमली, उपासकांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. दोन तासांनी तिची झोप झाली, मी तिला पाजलं आणि मग तिला बाहेर नेलं. तिचं नाव सुजाता ठेवलं.